एक मिलिमीटरची मोकळीक

हर्णैचं बंदर उघड्यावरचं आहे. समोर सुवर्णदुर्ग उभा असला तरी किल्ला काही सगळ्या लाटा अडवत नाही. वारा फिरला, वादळाचा बावटा चढला, की इथल्या आणि पाजपंढरीच्या बोटी उत्तरेला आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला धावतात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय. खाडीत शिरल्यावर घोर नाही, घोर आहे तो शिरताना. जोग नदीच्या मुखाशी गाळ साचून पाणी उथळ झालंय. भरतीची वेळ चुकली की बोट वाळूला लागते. या मुखाशी बोटी उलटल्या आहेत, फुटल्या आहेत, आणि त्यांच्या बातम्याही झाल्या आहेत. नुसत्या 'टेकून' आत आलेल्या बोटींची बातमी होत नाही. पण बोटीची मागची बाजू पाण्यात सर्वांत खोल असते. त्यामुळे टेकणं म्हणजे बहुतेक वेळा सुकाणूच्या टाचेवर अख्ख्या बोटीचा भार क्षणभर येणं. त्या दिवशी मोडलेलं काहीच दिसत नाही. तांडेल चाक फिरवून बघतो, बोट वळते, सगळे जेवायला बसतात. मग दोन-तीन महिन्यांनी, मासळीचा हंगाम भरात असताना आणि किनारा दिसेनासा झालेला असताना, चाक एकदम हलकं होतं.

'सुकाणू गेलं' असं मग सगळे म्हणतात. प्रत्यक्षात सुकाणूचं पातं क्वचितच जातं. ते जाड पोलादी पत्र्याचं किंवा सागाच्या फळ्यांचं असतं, मार खायलाच बनवलेलं. जातं ते त्याला धरून ठेवणारं सामान: बिजागऱ्या, त्यांचे बोल्ट, दांडा ज्यात फिरतो तो बुश, टाचेतला खुंट, वरच्या टोकाला ठोकलेली पाचरीसारखी चावी. हे सगळं गोळा करून एका पिशवीत भरलं तर एक माणूस सहज उचलून नेईल. बोटीची किंमत लाखांत, तिच्यावर सात-आठ माणसं, आणि वर्षातले दहा महिने हे सामान पाण्याखाली, कुणाच्या नजरेला पडत नाही. इंजिन बिघडायच्या आधी धूर सोडतं, आवाज करतं. जाळं फाटलेलं डोळ्यांना दिसतं. सुकाणूचं सामान मात्र ज्याला तपासायचं कसं हे माहीत आहे त्यालाच काही सांगतं. असा एखादा माणूस प्रत्येक बंदरात असतो. गणपतीआधी त्याच्याकडे रांग लागते, पुढे वर्षभर त्याची आठवण कुणाला येत नाही.

सुकाणू बोटीला लावायच्या मुख्य तऱ्हा दोन. लाकडी होड्यांना आणि शिडाच्या लहान बोटींना ते मागच्या खांबाला बाहेरून टांगतात. बोटीवर कड्या, सुकाणूवर खुंट. खुंट कड्यांत वरून उतरवायचे. दाराची बिजागरीच ही, फक्त हे दार दिवसरात्र लाटांच्या माऱ्यात उघडं असतं. जाणता लोहार इथे एक गंमत करतो. दोन्ही खुंट तो सारख्या लांबीचे ठेवत नाही, खालचा बोटभर लांब ठेवतो. हलत्या पाण्यात, कमरेवर वाकून, दोन्ही खुंट एकाच वेळी दोन कड्यांत बसवायचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला यामागचं शहाणपण लगेच कळेल. आधी खालचा लांब खुंट चाचपत कडीत घालायचा, तो धरून राहतो, मग सवडीने वरचा. शिवाय लाकडी सुकाणू तरंगतं. मागून लाट आली की ते वर उचललं जातं आणि कड्यांतून सुटून जाऊ शकतं. म्हणून वर अडकवायला पिन किंवा पट्टी लागतेच. पोलादी सुकाणूचं उलटं. ते स्वतःच्या वजनाने खाली बसतं आणि टाच खात राहतं. लाकडी सुकाणूची चिंता वर करायची, पोलादीची खाली.

दुसरी तऱ्हा ट्रॉलरची. पात्याला जोडलेला गोल दांडा बुडातल्या नळीतून वर डेकपर्यंत येतो. नळीच्या तोंडाशी ग्लँड असते, तिच्यात ग्रीजमध्ये भिजवलेली चौकोनी दोरी वेटोळी करून ठासलेली, पाणी आत येऊ नये म्हणून. दांड्याच्या वरच्या टोकाला आडवा हात, त्याला वायर किंवा साखळी, मग कप्प्यांवरून फिरत चाकापर्यंत. खाली बुडाचा कणा पंख्याखालून मागे निघतो, त्याच्या टोकाला दांड्याचा खालचा खुंट टेकतो. ती टाच. पंख्यामागे सुकाणू असल्याने त्याच्यावर पाण्याचा फवारा सतत आदळतो. बोट सरळ चाललेली असली, तांडेलाने चाक धरलेलंही नसलं, तरी पातं बारीक थरथरत असतं. आणि पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की पात्यावरचा रेटा चौपट. मोठं इंजिन बसवून घेणाऱ्या किती मालकांनी त्याबरोबर सुकाणूच्या दांड्याचं माप वाढवलं, हे विचारून बघावं. मला तरी असा मालक भेटलेला नाही.

१ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद असते. बोटी भरतीबरोबर वर ओढून घेतात, शाकारतात, आणि मग कामाचा खरा हंगाम सुरू होतो. आधी इंजिन उतरतं, मग जाळी, मग रंग. सुकाणूचा नंबर शेवटी. पैसे संपत आलेले असतात, नारळी पौर्णिमा तोंडावर असते, आणि 'मागल्या वर्षी चाललं, यंदाही चालेल' हे वाक्य ठरलेलं असतं. त्यातून तपासणी झाली तर ती अशी.

खाडीकाठी ओढलेल्या एका पन्नासेक फुटी लाकडी ट्रॉलरच्या मागे आम्ही उभे होतो. बंदरावरचे जुने फिटर, त्यांना सगळे चाचा म्हणतात, गुडघ्यावर बसले. हातात ना हातोडी ना माप. पात्याचं खालचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि डावी-उजवीकडे हलवलं. मग पुढे-मागे. मग पात्याखाली पहार घालून ते वर उचकटलं. तिन्ही वेळा नजर पात्याकडे नव्हती, समोरच्या डोंगराकडे होती. डावी-उजवीकडे हलवताना टाचेतून 'टक' असा कोरडा आवाज आला. "वरचा बुश ठीक आहे. खालचा गेला," ते म्हणाले. मालक म्हणाला, "चाचा, थोडा ढिला तर पाहिजेच ना?" चाचा उठत म्हणाले, "थोडा पाहिजे. हा थोडा नाय."

माझ्या मते या विषयातला मुद्दा एवढाच आहे. मालकाचंही चूक नव्हतं. सुकाणूच्या बुशमध्ये मोकळीक असावीच लागते. जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थांचे जे एकत्रित नियम आहेत त्यांत ती चक्क लिहून ठेवली आहे, आणि गंमत म्हणजे 'याहून जास्त नको' अशी नाही, 'याहून कमी नको' अशी. धातूच्या बुशसाठी व्यासाचा हजारावा भाग अधिक १ मिलिमीटर. म्हणजे १०० मिलिमीटर जाडीच्या खुंटाला निदान १.१ मिलिमीटर. बुश प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असेल तर साधारण १.५ मिलिमीटर, कारण काही प्लॅस्टिकं पाणी पिऊन फुगतात. हे मोठ्या जहाजांचं. लहान बोटीला याहून कमी चालतं, पण शून्य कधीच नाही. घट्ट बसवलेला दांडा लाटेत बोटीचं अंग जरा मुरडलं की धरला जातो. चाक जड होतं, तांडेल जोर लावतो, आणि तो जोर वायरवर, कप्प्यांवर, चावीवर जातो. फार मोकळा ठेवला तर पाण्याचा रेटा थपडांत बदलतो. आधी दांडा बुशवर नुसता घासत असतो, आता तो आपटायला लागतो. झीज मग सरळ रेषेत वाढत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा एक व्हायला चार हंगाम लागले असतील, एकाचे तीन व्हायला एक हंगाम पुरतो. चाचा ज्याला 'गेला' म्हणतात तो बिंदू इथे कुठेतरी आहे, आणि तो त्यांना हातांनी कळतो. त्यांनी सांगितल्यावर मी फट मोजायच्या फीलर गेजची पानं आत घालून पाहिली. सगळी पानं एकत्र करूनही फट भरली नाही.

सुकाणू काढायचं म्हणजे खड्डा खणावा लागतो, हे बोटीशी संबंध नसलेल्याला पटकन सुचत नाही. दांडा नळीतून खाली उतरवायचा तर पात्याखाली दांड्याच्या लांबीएवढी जागा हवी, आणि बोट तर वाळूवर टेकलेली. म्हणून खलाशी बुडाखाली फावड्यांनी खणतात. खाडीकाठची जमीन ती, कमरेएवढं खणलं की खालून पाणी भरायला लागतं. एकजण बादलीने पाणी उपसतो, दोघे पातं दोरांवर तोलतात, वर डेकवरचा एकजण चावी ठोकून काढतो आणि ओरडून सांगतो. पावसाने वेळ साधली तर खड्ड्याची कड ढासळते आणि सगळं पुन्हा. दांडा शेवटी बाहेर आला तेव्हा खालच्या खुंटावर एका बाजूला खोल चट्टा होता. बुशचं भोक गोल राहिलेलंच नव्हतं, अंडाकृती झालं होतं, आणि लांब बाजू बोटीच्या आडवी. म्हणजे पाण्याचा आडवा रेटा झीज कुठल्या दिशेला करत होता ते त्या भोकात लिहिलेलं होतं. पण टाचेचा हात स्वतःही सुतभर वर वाकलेला होता. तो झिजेने वाकत नाही. "ही कुठेतरी टेकलीय," चाचा म्हणाले. तांडेल काही बोलला नाही.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या शेडमधला एक जुना लेथ, एक वेल्डिंगचं यंत्र, आणि भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिलेली बोटींची मापं. झिजलेला खुंट दोन रीतींनी ठीक करतात. एक, वेल्डिंगचे थर चढवून तो जाड करायचा आणि लेथवर कातून पुन्हा मापात आणायचा. स्वस्त पडतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने दांडा वाकू शकतो, आणि कातताना पहिल्या थराखाली बारीक भोकं निघाली तर काम वाया. दुसरी रीत, खुंट थोडा बारीक कातून त्यावर स्टेनलेस स्टीलची नळी घट्ट चढवायची. महाग, पण झिजल्यावर फक्त नळी बदलायची. चाचांचं मत दुसऱ्या रीतीकडे आहे, मालकांचं अर्थातच पहिल्या.

नवा बुश गनमेटलचा. ८८ टक्के तांबं, १० टक्के कथील, २ टक्के जस्त असं त्याचं जुनं आरमारी प्रमाण. हा टाचेच्या भोकात इतका घट्ट बसायला हवा की तो स्वतः कधी फिरणार नाही. ठोकून बसवला तर कडा चेपतात. चाचांनी त्याला मीठ घातलेल्या बर्फाच्या टपात ठेवलं. मासळी बंदरात बर्फाला काय तोटा! बुश आकसला की हलक्या हाताने आत सरकवायचा, आणि तो पुन्हा गरम होताना स्वतःच घट्ट बसतो. हिशेब केला तर ६० मिलिमीटर व्यासाचा बुश पंचेचाळीस अंश थंड झाल्यावर जेमतेम ०.०५ मिलिमीटर आकसतो, केसाच्या जाडीएवढा. तेवढं पुरतं. मात्र बसल्यावर बाहेरून दाबला गेल्याने त्याचं आतलं भोकही किंचित लहान होतं. म्हणून शेवटची मोकळीक बसवल्यावरच काढायची, आधी नाही. नायलॉनच्या बुशला हा नियम दुहेरी लागतो. तो पाण्यात फुगतो. कोरड्यात छान फिरलेलं सुकाणू भरतीच्या पाण्यात आठवडा गेल्यावर जाम झाल्याच्या तक्रारी येतात त्या याच कारणाने. ॲसिटल नावाचं दुसरं प्लॅस्टिक मिळतं, ते फारसं पाणी पीत नाही. पण दुकानात दोन्ही पांढरीच दिसतात आणि दुकानदार दोन्हींना नायलॉनच म्हणतो.

बुश नवा, खुंट नवा, आणि तरीही सुकाणू जाम होऊ शकतं, जर वरचं आणि खालचं भोक एका रेषेत नसेल तर. इथे फिटरचं काम संपतं आणि सुताराचं सुरू होतं. वरच्या नळीच्या मध्यातून टाचेच्या मध्यापर्यंत ताणलेली बारीक तार, आणि प्रत्येक टप्प्यावर चारही बाजूंनी मोजलेलं अंतर. बोट कलती असल्यामुळे ओळंबा इथे उपयोगाचा नाही, ही चूक शिकाऊ पोरं हमखास करतात. या बोटीत टाच वाकलेली असल्याने ती आधी तापवून, जॅकने खाली दाबून सरळ करावी लागली. वेल्डिंग चालू असताना चाचा एकदाच मोठ्याने ओरडले. पोराने यंत्राची अर्थिंगची पकड सोयीची म्हणून दूर, दांड्याच्या वरच्या टोकाला लावली होती. तसं केलं की वेल्डिंगचा सगळा प्रवाह दांड्यातून आणि बुशमधून जातो, जिथे धातू धातूला जेमतेम टेकलेला असतो तिथे ठिणग्या पडतात, आणि नवा पृष्ठभाग खड्डे पडून खराब होतो. पकड नेहमी वेल्डिंगच्या शेजारीच लावायची. ही गोष्ट पुस्तकातही आहे, पण पोराच्या ती ओरड्यामुळेच लक्षात राहील.

झीज हा एक शत्रू. दुसरा अधिक लबाड आहे, आणि त्याची ओळख पटायला माणसाला मोठी किंमत मोजावी लागली. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. दोन वर्षांनी, उष्ण समुद्रात राहून परतल्यावर पाहतात तर तांबं उत्तम, पण ते जिथे जिथे लोखंडाला लागलं होतं तिथे लोखंडी खिळे कुजून गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्र्याबरोबर आलेला तपकिरी कागद ज्या ठिकाणी काढायचा राहून गेला होता, तिथले. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की विजेचा सेल तयार होतो आणि त्यातला एक विरघळायला लागतो, हे शास्त्र अजून कुणाला माहीत नव्हतं. कागदाच्या एका निष्काळजी तुकड्याने ते दाखवलं. पुढे आरमाराने पाण्याखालचे बोल्ट आणि सुकाणूच्या बिजागऱ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या केल्या. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने उलटा डाव मांडला. तांब्याला मुद्दाम जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे ते कुजतील आणि तांबं वाचेल. तांबं वाचलंही. पण विरघळायचं थांबल्याने त्याचा विषारीपणाही गेला आणि बुडाला शेवाळ, शिंपले भराभर चिकटायला लागले. आरमाराने तो प्रयोग गुंडाळला. कल्पना मात्र टिकली. आज बोटीच्या बुडाला बोल्टने लावलेल्या जस्ताच्या वड्या दिसतात त्या त्याच.

या जस्ताबद्दल बंदरावर एक समज आहे: जितकं जास्त तितकं चांगलं. पोलादी बोटीला एक वेळ चालेल, लाकडी बोटीला घातक. जस्त जास्त झालं की वाचवल्या जाणाऱ्या धातूभोवती, म्हणजे नेमकं बिजागरीच्या बोल्टांभोवती, अल्कली तयार होते आणि ती लाकूड मऊ करते. बोल्ट चकचकीत राहतो, पण त्याला धरणारं लाकूड चिंध्या होऊन निघतं. बोल्टभोवती पांढरट, लोण्यासारखा थर दिसला तर वड्या कमी करायच्या. हे उलटं औषध मालकांच्या गळी उतरवणं अवघड जातं. तसंच पितळेचं. स्वस्त पितळी बोल्टात जस्त भरपूर असतं, समुद्र ते शोषून घेतो आणि मागे सच्छिद्र गुलाबी तांबं उरतं. बोल्ट आकाराने तसाच दिसतो, हातोडीने टोला दिला की बिस्किटासारखा तुटतो. स्टेनलेस स्टीलही निर्धोक नाही. त्याची गंज न लागण्याची ताकद हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनवर उभी असते, आणि पट्टीखाली, वॉशरखाली, लाकडाच्या आत दडलेल्या भागाला तो मिळत नाही. बाहेरची दोन्ही टोकं झगझगीत आणि मधला भाग खाल्लेला, असे बोल्ट मी या शेडमध्ये पाहिले. म्हणून दर हंगामात एक तरी बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघायचा, दरवेळी वेगळा. बाकीचे कसे असतील ते तो सांगतो.

मुंबईचा साग या गोष्टीत आपलं वजन राखून आहे. युरोपातल्या ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंड खातं. सागात तेल असतं, ते लोखंडाला सांभाळतं. वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. १९६० च्या दशकात मुंबईत सुतारांनी सागाची बांधलेली ३२ फुटी 'सुहेली' घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकटे पृथ्वीभोवती फिरून आले, ३१२ दिवसांत. असं करणारे ते पहिले. 'सुहेली'चं सुकाणू मागच्या खांबाला बाहेरून टांगलेलं, आपल्या होड्यांसारखं. वाऱ्यावर आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची मोडली आणि उरलेलं अर्धं जग त्यांनी शिडं जुळवून, सुकाणूचा दांडा बांधून पार केलं. मूळ सांगाडा टिकला, पण सागालाही मर्यादा असतात. पुढच्या डागडुजीत गंजलेले लोखंडी बोल्ट काढून ब्राँझचे घालावे लागले. मधल्या काळात ती ग्रीनिचच्या संग्रहालयात ठेवली होती. तिथल्या कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्या म्हणून मालकाने ती परत पाण्यात नेली.

बिजागरी नव्हती तेव्हा काय होतं, याचं उत्तर आपल्याकडे रंगवून ठेवलेलं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला मागच्या अंगाला मोठी सुकाणू-वल्ही आहेत, दोराने बांधलेली. याच पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्समध्ये, केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, फळ्या काथ्याने शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. त्यालाही वल्हीच आहेत. दोर सैल झाला की दिसतो, हाताला कळतो, आणि समुद्रावर चालता चालता पुन्हा आवळता येतो. बिजागरीने जोर दिला, अचूकपणा दिला, आणि बिघाड नजरेआड नेला. जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेलो नाही. वल्ह्यावर ट्रॉलर चालत नाही. पण सौदा काय झाला ते ध्यानात ठेवलेलं बरं.

नजरेआडचा बिघाड उत्तम बांधलेल्या, उत्तम सांभाळलेल्या बोटीलाही सोडत नाही. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी नौदल अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या, दक्षिणेच्या महासागरातून केप हॉर्नला वळसा घालून आल्या. सर्वांत खडतर टप्पा संपला, केपटाउनहून घराकडे निघाल्या, आणि सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे ठरलेल्या मुक्कामांत नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावं लागलं. २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. हजारो मैलांचा थकवा धातूत साठत जातो आणि तो कुठल्या दिवशी बाहेर पडेल ते वादळावर ठरत नाही. (स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २०२० पासून ऑर्का देवमासे शिडाच्या बोटींची सुकाणूच फोडताहेत. बोटीचा नाजूक भाग त्यांनी बरोबर हेरलाय म्हणायचा.)

इकडे हर्णैत मला जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच बदलाची. फायबरच्या नव्या बोटींत हायड्रॉलिक स्टिअरिंग येतंय. चाक एका बोटाच्या जोराने फिरतं, तांडेलाचे खांदे भरून येत नाहीत. पण साखळी आणि वायरमधून टाचेतली थरथर चाकापर्यंत पोचायची, ती तेलातून पोचत नाही. "पूर्वी रात्री चाकावर बसलो तरी कळायचं, खाली काहीतरी बोंबलतंय," एक जुना तांडेल म्हणाला. "आता एकदम मोडल्यावरच कळतं." हाताची खबर बंद झाली असेल तर तारखेची लावून घ्यावी लागते. चाचा आता बसवलेल्या प्रत्येक बुशचं माप आणि वर्ष दांड्याच्या डोक्यावर नंबर-पंचाने ठोकतात. पुढच्या वर्षी फरक वजा करून बघायचा, एवढं सोपं. अजून तरी मालक स्वतःहून ते विचारायला येत नाहीत.

त्या ट्रॉलरचं सुकाणू बसवून झालं, ग्लँडमध्ये नव्या दोरीची तीन वेटोळी गेली, प्रत्येकाचा जोड वेगळ्या बाजूला. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. मालकाने पाकीट काढलं. चाचा म्हणाले, "हँडल आणा." चाक निकामी झालं तर दांड्याच्या चौकोनी डोक्यावर थेट बसवायचा लोखंडी हात प्रत्येक बोटीवर असायला हवा. होता. रंगाच्या रिकाम्या डब्यांमागून तो निघाला. डोक्यावर बसेना, कारण दरवर्षीच्या रंगाचे थर चढून चौकोन जाड झाला होता. चाचांनी कानशीने रंग खरवडला, हात बसवला आणि तांडेलाला म्हणाले, "फिरव." तो अर्धा फिरला आणि केबिनच्या मागच्या भिंतीला अडला. केबिन तीन वर्षांपूर्वी वाढवली होती. तेव्हापासून ही बोट समुद्रावर होती, आणि आणीबाणीत तिला फक्त उजवीकडे वळता आलं असतं. पाकीट परत खिशात गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला बोलावून भिंतीची एक फळी कापून घेतली.